घाम मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं?

आजचा विषय जरा किरकोळ वाटेल: तळहाताचा घाम. यवतमाळच्या उन्हाळ्यात घाम कोणाला येत नाही, असं तुम्ही म्हणाल. पण मी उन्हाच्या घामाबद्दल बोलत नाही. जानेवारीच्या सकाळीसुद्धा काही मुलांच्या तळहातातून पाणी निथळतं. परीक्षेत हाताखाली रुमाल ठेवूनही शाई फुटते. रेशनच्या दुकानात ओला अंगठा मशीनवर लागत नाही. आणि घरचे म्हणतात, ‘घाबरट आहे, बाकी काही नाही.’

या वाक्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त त्रास देतं. तळहाताचा घाम उष्णतेपेक्षा मनाच्या ताणाला अधिक उत्तर देतो, हे खरं. पण या मुलांच्या घामग्रंथी साधारण तुमच्याआमच्यासारख्याच असतात. त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंचा जोर अधिक असतो. आधी हात ओला होतो, मग तो कोणाला दिसेल याची भीती वाटते, आणि भीतीने आणखी घाम येतो. यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना असलं वर्तुळ फार आवडतं. ज्याचा हात ओला असतो त्याला नाही आवडत.

मग निदान कसं करतात? मुख्यतः विचारून. उघड कारणाशिवाय सहा महिने तरी एका ठिकाणी जास्त घाम येत असावा, आणि पुढच्यांपैकी किमान दोन गोष्टी असाव्यात: दोन्ही बाजूंना सारखा येणं, रोजच्या कामात अडथळा, आठवड्यातून एकदा तरी होणं, पंचविशीच्या आत सुरुवात, घरात आणखी कोणाला असणं, आणि झोपेत थांबणं. मला यातली शेवटची खूण सगळ्यात बोलकी वाटते. माणूस झोपला की हातही कोरडा.

मोजायच्या पद्धती साध्या आहेत. गाळणकागद वजन करून घ्यायचा, ठरावीक मिनिटं तळहातावर ठेवायचा, पुन्हा वजन करायचं. फरक म्हणजे घाम; मिनिटाला इतके मिलिग्रॅम. दुसरी पद्धत मायनर नावाच्या डॉक्टरांची, १९२८ सालची: कोरड्या कातडीवर आयोडीन लावायचं, वर स्टार्चची भुकटी. घाम आला की तिथे निळाकाळा रंग उमटतो. घाम कुठे येतो हे त्यात दिसतं, किती येतो हे नाही. तिसरी पद्धत म्हणजे नुसता एक प्रश्न: तुमचा घाम रोजच्या कामात किती आड येतो? एक म्हणजे जाणवतही नाही, चार म्हणजे सहनच होत नाही.

आता गंमत पाहा. काही ठिकाणी तळहातासाठी मिनिटाला २० मिलिग्रॅमच्या आसपास रेघ ओढतात. मग १९वाला निरोगी आणि २१वाला रोगी? धान्याच्या ढिगातून एकेक दाणा काढत गेलं तर तो ढीग कधी राहत नाही, हा जुना ग्रीक पेच इथे दवाखान्यात येऊन बसतो. शिवाय तोच हात सोमवारी एक आकडा देतो, गुरुवारी दुसरा. माझ्या मते तो एका प्रश्नाचा आकडा कमी शास्त्रीय नाही. वजनाने घाम कळतो. त्रास ज्याचा त्यालाच विचारावा लागतो. उपचाराने फरक पडला का, हे पाहायला मात्र कागदाचं वजन कामाचं.

पण ‘उघड कारणाशिवाय’ हे शब्द मी मघाशी भर्रकन म्हणून गेलो, त्यांच्याकडे परत येऊ. थायरॉईड वाढलेला असेल, रक्तातली साखर घसरली असेल, क्षय असेल, एखादं औषध चालू असेल, तरी घाम येतो; तो बहुधा सगळ्या अंगाला, आणि क्षयाचा तर रात्रीच. आणि आपल्या जिल्ह्यात आणखी एक कारण आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले.

फवारणीच्या औषधांमधल्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटाचं विष काय करतं? मज्जातंतूचा निरोप पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं द्रव्य काम झालं की मोडायला हवं. ते मोडणारं एन्झाइम हे विष अडवतं. घामग्रंथींना हुकूम याच द्रव्यातून जातो. म्हणून दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, उलट्या, स्नायूंची फडफड, छातीत घरघर. पाठीवर पंप घेऊन उन्हात फिरणारा माणूस म्हणतो, ‘ऊन लागलं असंन.’ इथेच वेळ जातो. अशा वेळी फवारणी थांबवायची, कपडे काढायचे, अंग साबणाने धुवायचं आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठायचा.

तिथे अ‍ॅट्रोपिन देतात. ते किती द्यायचं हे आधी ठरलेलं नसतं. छातीतली घरघर थांबली का, नाडी आणि रक्तदाब सावरले का हे डॉक्टर पाहतात, आणि रोग्याच्या काखेत हात घालून ती कोरडी झाली का, हेही. झाली नसेल तर पुढचा डोस.