गुहेंतील यजमान

पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा हे तालुके पावसाळ्यांत प्रवाशांनीं गजबजून जातात. दाभोशाचा धबधबा पाहावा, शिरपामाळावर इ. स. १६६४ मधील श्रीशिवछत्रपतींच्या मुक्कामाचें स्मरण करावें, आणि वाटेंत एखादी कपार दिसली कीं मुलांनीं आंत धांव घ्यावी, हें नेहमींचेंच. परंतु त्या कपारींत आपणांपूर्वीं कोणी बिऱ्हाड केलें असेल, हा विचार क्वचितच मनांत येतो.

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं थिजलेला लाव्हारस. त्याच्या कठीण थराखालील मऊ थर झिजला म्हणजे नैसर्गिक गुहा उत्पन्न होते. अंधार, बारमास सारखी हवा आणि शत्रूंपासून आडोसा तेथें मिळत असल्यामुळें वटवाघुळें तिचा आश्रय करितात. अमरकोशांत त्यांस ‘अजिनपत्रा’, म्हणजे चर्माचे पंख असलेली, असें अन्वर्थक नांव आहे.

अशा आश्रयाचें मोल बेळगांव जिल्ह्यांतील खानापूर तालुक्याच्या बारापेडे गुहेवरून कळतें. तेथील मोठ्या कानांच्या कीटकभक्षक वटवाघुळाचें शास्त्रीय वर्णन ओल्डफील्ड थॉमस यांनीं १९१३ सालीं केलें आणि वनाधिकारी रॉटन यांचें नांव त्यास दिलें. पुढें जवळजवळ नव्वद वर्षें ही जात साऱ्या जगांत या एकाच ठिकाणीं ठाऊक होती. नंतर ती कंबोडियांत व मेघालयांत आढळली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत तिची गणना होते. एकच गुहा उजाड झाली असती, तर काय अनर्थ ओढवला असता!

निजलेल्या वटवाघुळास दिव्याच्या झोतानें वा आरोळीनें उठविलें कीं त्याची सांठविलेली शक्ति व्यर्थ जाते. पुष्कळ जातींत मादीस वर्षांतून एकच पिलूं होतें. गोंधळांत तें खालीं पडलें तर बहुधा वांचत नाहीं. शेतावरचे किडे रात्रीं टिपणारे हे सोबती गेले, तर तोटा आपलाच आहे. शिवाय त्यांच्या विष्ठेच्या धुळींतील बुरशीनें माणसाच्या फुप्फुसांस विकार जडूं शकतो, हेंही पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

म्हणून गुहेंत शिरूं नये, तोंडाशीं जाळ किंवा धूर करूं नये. मुलांस कौतुक दाखवावयाचें असेल, तर गांवच्या माहितगारास बरोबर घेऊन तिन्हीसांजेस दूर उभें राहावें. वटवाघुळें आपण होऊन बाहेर पडतात. यजमान दारांत येईपर्यंत थांबणें, हा आपल्या घरचाच शिष्टाचार आहे.