नवागताचे पहिले तीस दिवस

चीनमध्ये नोकरीसाठी अथवा शिक्षणासाठी निघालेल्या माणसाला त्याचे हितचिंतक सामान्यतः दोन गोष्टींची धास्ती घालतात : भाषा आणि अन्न. या दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. परंतु त्या पहिल्या नव्हेत. नवागताची पहिली गाठ पडते ती पोलीस ठाण्यातील खिडकीशी. जुलै २०१३ पासून अमलात असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्याप्रमाणे परकीय व्यक्ती हॉटेलात उतरली, तर तिची नोंद हॉटेलच करते. ती भाड्याच्या घरात किंवा मित्राकडे राहणार असेल, तर तेथे पोहोचल्यापासून चोवीस तासांच्या आत तिने स्वतः अथवा यजमानाने त्या भागाच्या पोलीस ठाण्यात नोंद करावयाची असते. पारपत्र, भाडेकरार, घरमालकाची कागदपत्रे इत्यादी दाखविल्यावर एक साधा छापील कागद हाती येतो. दिसण्यात तो इतका सामान्य असतो, की नवखा माणूस तो बॅगेच्या एखाद्या कप्प्यात टाकून विसरून जातो. पुढे निवास-परवाना काढण्याची वेळ आली म्हणजे सर्वप्रथम तोच मागितला जातो, आणि मग बॅगा उलट्या होतात.

हा सारा खटाटोप परकीयांविषयीच्या संशयातून निर्माण झाला आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो पूर्णपणे चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कोण माणूस कोठे राहतो याची नोंद ठेवणे हा चिनी प्रशासनाचा फार जुना व्यवसाय आहे, आणि १९५८ च्या कुटुंबनोंदणी नियमांनी त्याला आधुनिक रूप दिले. ‘हुखोऊ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत प्रत्येक नागरिक एका विशिष्ट ठिकाणाशी बांधला गेला. शिधा, घर, शाळा, दवाखाना हे सारे त्या ठिकाणावरून ठरू लागले. धान्याची कुपने १९९३ मध्ये इतिहासजमा झाली, गावाकडच्या माणसाला शहरात येऊन काम करण्याची मोकळीकही मिळाली. परंतु मुलांचे शिक्षण आणि उच्च शिक्षणाची प्रवेशपरीक्षा यांसारख्या बाबतींत नोंदणीची गाठ आजही पुरती सुटलेली नाही. २०२० च्या जनगणनेत अशा ‘तरत्या’ लोकसंख्येचा आकडा ३७.५८ कोटी इतका निघाला. म्हणजे ठाण्याच्या खिडकीपुढे जो परकीय प्राध्यापक उभा असतो, त्याच्या मागे सिचुआन किंवा आनह्वी प्रांतातून आलेला बांधकाम मजूरही आपले कागद घेऊन उभा असू शकतो. आणि दोघांपैकी अधिक काही पणाला लागलेले असते ते बहुधा मजुराचे.

परकीयाने या सर्वसामान्य रांगेत उभे राहावे, ही गोष्टच मुळी नवी आहे. सोव्हिएत तज्ज्ञांच्या सोयीसाठी १९५४ च्या सुमारास बीजिंगमध्ये मैत्री हॉटेल बांधण्यात आले. १९६० मध्ये ते तज्ज्ञ परत गेले, तरी विविध देशांतील अनुवादक, भाषाशिक्षक व तंत्रज्ञ पुढे कित्येक वर्षे तेथेच राहत. त्यांचे भोजनगृह वेगळे, दुकान वेगळे आणि काही काळ तर चलनही वेगळे होते. १९८० पासून १९९४ पर्यंत परकीयांना सामान्य नोटांऐवजी विदेशी विनिमय प्रमाणपत्रे वापरावी लागत, आणि ती स्वीकारणाऱ्या मैत्री भांडारात सामान्य चिनी ग्राहकाला न मिळणाऱ्या वस्तू मिळत. असा पाहुणा सुखात असे. पण शेजारी म्हणून त्याला कोणी ओळखत नसे. त्याची कागदपत्रे, घर, प्रवास हे सर्व त्याची संस्था पाहत असे. चालू शतकाच्या पहिल्या काही वर्षांत मोठ्या शहरांतून परकीयांसाठी राखीव वसाहतींचे बंधन उठत गेले. तेव्हापासून तो कोणत्याही इमारतीत राहू शकतो, आणि इमारतीतील इतरांप्रमाणे आपली कामे आपणच करतो. स्वातंत्र्याबरोबर रांगही आली.

या कामांचा क्रम नीट समजून घेतला पाहिजे, कारण एक कागद दुसऱ्यावर आणि दुसरा तिसऱ्यावर अवलंबून असतो. नोकरीचा अथवा दीर्घ शिक्षणाचा प्रवेशपरवाना हा केवळ देशात शिरण्यापुरता असतो. प्रवेशानंतर तीस दिवसांच्या आत निवास-परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. वर्षभर वा अधिक राहणाऱ्यास त्यापूर्वी ठरविलेल्या केंद्रात रक्त, छातीचे क्षचित्र, हृदयालेख अशी तपासणी करून घ्यावी लागते. अर्जाचा निर्णय पंधरा दिवसांत व्हावा असा नियम आहे; पण दरम्यान पारपत्र कार्यालयातच राहते आणि नवागताच्या हाती उरते ती एक पावती. पावतीवर आगगाडीचे तिकीट मिळू शकते. बँकेत खाते मात्र सहसा उघडत नाही. खाते नाही म्हणून वेतन जमा होत नाही, आणि वेतन नाही अशा वेळी घरमालकाला एक महिन्याची अनामत व तीन महिन्यांचे भाडे आगाऊ द्यावयाचे असते, कारण बहुतेक शहरांतील तशी रीत आहे. म्हणून अनुभवी लोक सांगतात, की पारपत्र हातातून सोडण्यापूर्वी दूरध्वनीचा क्रमांक तरी घ्यावा, आणि दोन-तीन महिने निभावतील इतके पैसे जवळ बाळगावेत. मुदत चुकवून चालत नाही. वैध मुदतीपलीकडे राहणाऱ्यास प्रत्येक दिवसासाठी ५०० युआन आणि कमाल १०,००० युआन दंड होऊ शकतो. प्रसंगी अटकही होते.

याहून कठीण प्रश्न नावाचा आहे. चिनी माणसाचे नाव बहुधा दोन किंवा तीन अक्षरांचे, आडनाव आधी. आणि त्याचा ओळखक्रमांक अठरा अंकी. देशातील बहुतेक संगणकीय व्यवस्था या मापानेच बेतलेल्या आहेत. आता त्यात भारतीय पारपत्रावरील नाव घालून पाहावे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, मग आडनाव. तीन शब्द, मध्ये दोन मोकळ्या जागा, पंचवीस-तीस रोमन अक्षरे. दक्षिणेकडील पुष्कळांच्या पारपत्रात तर आडनावाचा रकाना कोराच असतो. दूरध्वनी कंपनीतील कारकून आडनाव आधी लिहितो, बँकेतील कारकून शेवटी. एक जण शब्दांमध्ये जागा सोडतो, दुसरा सगळे सलग लिहितो. माणसाच्या डोळ्याला हे एकच नाव आहे. संगणकाला ती दोन माणसे आहेत, आणि एकाच्या दूरध्वनीवर दुसऱ्याचे बँकखाते जोडण्यास तो ठाम नकार देतो. नवागत मग आपणच आपण आहोत हे सिद्ध करीत दोन कार्यालयांच्या दरम्यान फेऱ्या घालू लागतो. यावर उपाय साधा आहे. पहिल्या कार्यालयात नाव जसे नोंदले गेले, त्याची छापील प्रत मागून घ्यावी आणि पुढील प्रत्येक ठिकाणी तीच पुढे करावी. दहा वर्षांनी पारपत्राचे नूतनीकरण झाले की क्रमांक बदलतो, आणि ही साखळी पहिल्या कडीपासून पुन्हा ओवावी लागते. कायम निवासाचा परवाना असलेल्यांना डिसेंबर २०२३ पासून अठरा अंकी क्रमांकाचे नवे ओळखपत्र मिळू लागले. परंतु तो परवाना मिळालेले लोक थोडे आहेत.

ही जोडणी इतकी महत्त्वाची का, ते बाजारात गेल्यावर कळते. भाजीवाली, सायकल दुरुस्त करणारा, मंदिराची दानपेटी, सर्वत्र चौकोनी ठिपक्यांचे चित्र लावलेले असते आणि व्यवहार वीचॅट किंवा अलिपे यांतून होतो. भारतातही आता हेच चित्र असल्याने भारतीयाला त्याचे नवल वाटत नाही. आपल्या देशातली सोय येथे चालत नाही, एवढेच त्याला बोचते. रोख रक्कम नाकारणे नियमाविरुद्ध आहे. मध्यवर्ती बँकेने २०१८ मध्ये तसे बजावलेही. तथापि शंभराची नोट पाहून सुट्या पैशांसाठी शेजारच्या दुकानात धावणारी विक्रेती कायद्याची आठवण करून देण्याजोगी नसते. २०२३ पासून परदेशी बँकांची कार्डे या दोन्ही व्यवस्थांना जोडता येऊ लागली आणि २०२४ मध्ये त्यांच्या मर्यादा वाढविण्यात आल्या, त्यामुळे पहिले काही आठवडे आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाहीत. घरच्यांशी संपर्क हा मात्र वेगळाच प्रश्न. व्हॉट्सॲप चीनमध्ये २०१७ पासून बंद आहे, गूगल त्याही आधीपासून. आईवडिलांना वीचॅट वापरावयास शिकवावे, तर २०२० पासून त्यावर भारतात बंदी आहे. पुष्कळांना घरी दूरध्वनी करणे एवढाच सरळ मार्ग उरतो.

भाषेकडे वळताना भारतीय नवागताने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चिनी ध्वनी शिकण्यात त्याला युरोपीय सहाध्याय्यापेक्षा एक लाभ आहे. चिनी भाषेच्या रोमन लिपीत (ती १९५८ मध्ये अधिकृत झाली) ‘बी’ आणि ‘पी’ या अक्षरांतील भेद आपल्या ‘ब’ आणि ‘प’ यांच्यातील नसून अल्पप्राण ‘प’ व महाप्राण ‘प्ह’ यांच्यातील आहे. राजधानीच्या नावाचा खरा उच्चार ‘पेइचिङ’ याच्या जवळ जातो. मराठी माणसाचे कान तर आणखी एका बाबतीत तयार असतात : ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील दोन च-कार तो नकळत वेगळे उच्चारतो, आणि चिनी भाषेतही जवळजवळ असाच भेद आहे. सुरांच्या बाबतीत मात्र कोणालाच सवलत नाही. सपाट उंच सुरातील ‘थांग’ म्हणजे रस्सा, चढत्या सुरातील ‘थांग’ म्हणजे साखर. ‘माय’ हा शब्द खाली जाऊन वर आला तर विकत घेणे आणि धाडकन खाली आला तर विकणे. बाजारात हातवाऱ्यांनी निभावते. वैद्यकीय महाविद्यालयात इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहिल्यावर मात्र हे सूर टाळता येत नाहीत.

चिनी नाव घेणे हा येथे हौसेचा भाग नव्हे, व्यवहाराचा आहे. शेजाऱ्यांना उच्चारता येईल, चिठ्ठीवर लिहिता येईल असे दोन-तीन अक्षरांचे नाव असले की माणूस ‘तो परकीय’ राहत नाही. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठविलेल्या वैद्यकीय पथकातील पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी ‘ह्वा’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडण्यात आले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तेथे ‘ख तिह्वा’ झाले. ते चिनी बोलण्यास, वाचण्यास, पुढे त्या भाषेत शिकविण्यासही समर्थ झाले, आणि १९४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांना याच नावाने हाक मारली गेली. आज चीनमध्ये त्यांचे स्मरण याच नावाने होते.

अन्नाविषयी जितकी भीती घातली जाते, तितकी परिस्थिती वाईट नाही. परंतु शब्द अचूक हवा. ‘मांस नको’ असे सांगितल्यास उपयोग होत नाही, कारण ‘रोऊ’ हा नुसता शब्द बहुधा डुकराच्या मांसासाठी वापरतात, आणि भाजीवर पेरलेला किमा किंवा हाडांचा रस्सा यांना स्वयंपाकी मांस समजेलच असे नाही. ‘सू’ हा शब्द वापरावा. बौद्ध परंपरेतून आलेला हा शब्द कारण न विचारता समजला जातो, आणि मोठ्या विहारांलगत अशा भोजनगृहांची उत्तम सोय असते. पाणी सर्वत्र उकळलेले आणि पुष्कळदा गरमच मिळते. नळाचे पाणी तसेच पीत नाहीत. सर्दी, थकवा, पोटदुखी, परीक्षेची चिंता या सर्वांवर शेजारीण प्रथम गरम पाणीच सुचविते.

शेजाराचा हा संबंध कसा जुळेल हे कोणत्याही कागदावर अवलंबून नाही, तरी त्याची सुरुवात कधी कधी कागदातूनच होते. प्रत्येक वस्तीत निवासी समिती असते. १९८९ च्या कायद्याने तिला स्वयंशासित संस्था म्हटले आहे, प्रत्यक्षात ती शासनाचा सर्वांत खालचा हातही आहे. नवा भाडेकरू आला की तिच्या कार्यकर्त्या, पुष्कळदा मध्यमवयीन स्त्रिया, दार ठोठावतात, नाव लिहून घेतात, घरात किती माणसे आहेत ते विचारतात. नवागताला ही हेरगिरी वाटते, आणि तीत देखरेखीचा अंश असतोच. पण हिवाळ्यात नळ फुटला, तर कोणाला बोलवावे हेही त्याच सांगतात. शांघायसारख्या शहरात तर ही मदत लागतेच, कारण छिनलिङ पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या रेषेच्या दक्षिणेला घरे उबदार ठेवणारी सार्वजनिक व्यवस्था सहसा नाही; बीजिंगमध्ये ती १५ नोव्हेंबरला सुरू होते. शून्यापाशी पारा घुटमळत असताना शांघायचे घर बीजिंगच्या घरापेक्षा अधिक गार असते, हे नवागताला अनुभवानेच पटते.

जमविलेली ही घडी किती नाजूक असते, हे २०२० मध्ये दिसून आले. त्या वर्षी महासाथीमुळे २८ मार्चपासून चीनने परकीयांचे निवास-परवाने असतानाही त्यांचा प्रवेश थांबविला. सुट्टीसाठी घरी आलेले भारतीय विद्यार्थी भारतातच अडकले. चिनी विद्यापीठांत नावे असलेल्या भारतीयांची संख्या तेव्हा तेवीस हजारांहून अधिक होती, आणि त्यांतील बहुसंख्य वैद्यकाचे होते. वसतिगृहातील त्यांच्या खोल्यांत पुस्तके, भांडी, हिवाळी कपडे तसेच राहिले. शवविच्छेदनाचे वर्ग त्यांनी घरी पडद्यावर पाहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये विद्यार्थ्यांना पुन्हा प्रवेशपरवाने मिळू लागले, तेव्हा अनेकांचे निवास-परवाने संपून गेले होते, दूरध्वनीचे क्रमांक बंद पडले होते, आणि त्या क्रमांकांशी जोडलेल्या खात्यांतील पैसे हाती लागत नव्हते. चीन त्यांना नवा नव्हता, भाषाही थोडीबहुत येत होती. विलगीकरण संपल्यावर त्यांनी पारपत्र घेतले आणि पोलीस ठाण्याच्या खिडकीपुढील रांगेत ते पुन्हा उभे राहिले.