विद्यापीठाची पुस्तके, नाशिकचा वाचक

नाशिकला वाचनालय आधी मिळाले, विद्यापीठ फार उशिरा. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपले 'सावाना', १८४० सालचे. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते त्यानंतर १७ वर्षांनी. नाशिकला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९८९ उजाडले. मधल्या काळात इथल्या विद्यार्थ्याने पदवी परगावच्या विद्यापीठाची घेतली आणि पुस्तके गावात मिळतील तिथून वाचली.

गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४मध्ये नाशिकला कॉलेज काढले. तेच पुढे एचपीटी म्हणून नावारूपाला आले. कुसुमाग्रज तिथे शिकले, वसंत कानेटकरांनी तिथे इंग्रजी शिकवले. सुरुवातीला हे कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते आणि त्या विद्यापीठाचे ग्रंथालय फोर्टात, राजाबाई टॉवरच्या वास्तूत. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि टॉवरसाठी आणखी दोन लाख रुपये दिले, टॉवरला आईचे नाव दिले. १८७८मध्ये पूर्ण झालेला हा २८० फुटी टॉवर आणि रंगीत काचांच्या खिडक्यांचे ते वाचनदालन आजही पाहत राहावे असे आहे. पण नाशिकच्या मुलाला तिथवर जायचे तर रेल्वेचे तिकीट काढावे लागे. त्याची रोजची भिस्त कॉलेजच्या ग्रंथालयावर आणि सावानावर. कुसुमाग्रजांनी पुढे सावानाचे अध्यक्षपद सांभाळले, ते या संस्थेचे गावावरचे ऋण जाणूनच, असे मला वाटते.

१९४९मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि नाशिक तिकडे जोडले गेले. पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांचेच नाव विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आहे. एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या कितीतरी नाशिककरांनी पहाटेची एस.टी. धरून जयकर ग्रंथालय गाठले. त्या काळचे ग्रंथालय म्हणजे आधी कार्डांची कपाटे. लाकडी खणात पोस्टकार्डाहून लहान कार्डे, तळाशी भोक पाडून सळईत ओवलेली. कार्डावर लेखक, पुस्तकाचे नाव आणि कोपऱ्यात वर्गांक. हव्या त्या कार्डाच्या मागेपुढे बोट फिरवता फिरवता कधी ऐकलेही नाही असे पुस्तक हाती लागे. ते बघून परतीची गाडी पकडायची म्हणजे घड्याळाशी झटापटच.

१९८९मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले आणि चित्र पालटले. पहिले कुलगुरू राम ताकवले. गंगापूर धरणाच्या परिसरात विद्यापीठ वसले, ब्रीद ठरले 'ज्ञानगंगा घरोघरी'. दहावी-बारावी हुकलेल्यांनाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीची वाट खुली झाली. इथे विद्यार्थी ग्रंथालयाकडे येत नाही, पुस्तक विद्यार्थ्याकडे जाते. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये स्वतःच सोडवायचे प्रश्न, शेवटी सारांश, अशा बेताने लिहिलेली ही पुस्तके शेतकऱ्याच्या, पोलीस शिपायाच्या, गृहिणीच्या घरी पोहोचली. मराठीतून उच्च शिक्षणाची पुस्तके घराघरात नेणारे एवढे मोठे काम दुसरे क्वचितच झाले असेल. १९९८मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही नाशिकलाच आले. त्याने संलग्न महाविद्यालयांसाठी डिजिटल ग्रंथालयाची सोय केली. अंतर आणखी आटले.

तरीही एक वाचक बाहेरच राहिला: कुठल्याच विद्यापीठाचा विद्यार्थी नसलेला. निवृत्त शिक्षक, स्थानिक इतिहासाचे टिपण करणारा हौशी अभ्यासक, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी. आपल्याकडे बहुतेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत सभासदत्व विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांपुरते असते. बाहेरच्याला शिफारसपत्र लागते, परवानगी लागते. पुस्तके मौल्यवान, जागा अपुरी, ही ग्रंथपालांची अडचण खरी आहे. पण ही ग्रंथालये जनतेच्या पैशावरही चालतात.

नाशिक जिल्ह्याला याबाबत बाहेरून धडा घ्यायची गरज नाही. मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्यात जन्मलेले बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१०मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला बोलावून घेतले आणि संस्थानभर मोफत ग्रंथालये उभारली. गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. संस्थानाने ग्रंथालय प्रजेचा हक्क मानला.

म्हणून मागणी साधी आहे. ओळखपत्र दाखवून कोणाही नागरिकाला विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचता यावे, पुस्तक घरी न नेण्याच्या अटीवर. ग्रंथसूची घरबसल्या सर्वांना पाहता यावी. आणि सावानाच्या सभासदाला दुर्मीळ ग्रंथ विद्यापीठाकडून मागवता यावा. यासाठी नवी इमारत लागत नाही, खिडकीवरचा नियम बदलावा लागतो. पदवीची अट सैल करून ज्या शहरातून विद्यापीठ राज्यभर गेले, त्या शहराने वाचनाचीही अट सैल करावी. ही सुरुवात नाशिकनेच करायला हवी.