दिवा एक, कारणं दोन: टायरच्या हवेवरून थोडी संशोधनपद्धती



पीएचडीची तयारी करणाऱ्यांचा एक प्रश्न नेहमी असतो: "कंट्रोल, कॅलिब्रेशन, हायपोथिसिस हे सगळं पाठ आहे, पण प्रत्यक्षात वापरायचं कसं?" आज त्याचं उत्तर लॅबमधून न देता गाडीच्या डॅशबोर्डवरून देते.

डिसेंबरमधली गोष्ट. नाशिकहून मामांच्या गाडीने आम्ही त्र्यंबकेश्वरला मुक्कामी गेलो. सकाळी दर्शन घेऊन पुढे घाट उतरून जव्हारला जायचं होतं. पहाटे गाडी काढली, थोडं पुढे गेलो आणि टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला. तोच तो, घोड्याच्या नालेसारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह.

मामा म्हणाले, "अगं, थंडी आहे, हवा आखडते. पंपावर हवा मारू की झालं."

आई म्हणाली, "त्र्यंबक उंचावर आहे ना, त्यामुळे असेल."

झाले की दोन हायपोथिसिस! आता ते तपासायचे कसे?

आधी विचारा: दिवा नेमकं काय सांगतो?

मामांच्या गाडीत प्रत्येक चाकात सेन्सर आहे. ठरलेल्या दाबापेक्षा हवा साधारण २० ते २५ टक्के कमी झाली की दिवा लागतो. म्हणजे दिवा फक्त "मर्यादा ओलांडली" एवढंच सांगतो. का ओलांडली, ते सांगत नाही. तुमच्या प्रयोगातला 'सिग्निफिकंट' निकालही असाच असतो, हे आत्ताच लिहून ठेवा.

(दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर बहुतेक गाड्यांत दोष सेन्सरचा किंवा यंत्रणेचा असतो. आमचा सरळ लागला होता.)

मग अंदाज आकड्यात मांडा

आदल्या दिवशी दुपारी, गाडी सावलीत गार उभी असताना, चारही टायरमध्ये मीच ३३ पीएसआय हवा भरली होती. तेव्हा तापमान साधारण ३० अंश, पहाटे १२ अंश. दाब केल्व्हिन तापमानाच्या प्रमाणात बदलतो, पण तो वातावरणाचा दाब धरून मोजलेला एकूण दाब. गेज फक्त वरचा दाब दाखवतो. इथेच बरेच विद्यार्थी चुकतात.

तर ३३ मध्ये वातावरणाचे सुमारे १३.५ मिळवा: ४६.५. त्याला २८५/३०३ ने गुणा: साधारण ४३.७. त्यातून १३.५ वजा करा: ३० च्या आसपास. म्हणजे थंडीने तीनेक पीएसआय जाणार.

आणि उंची? वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो, त्यामुळे गेजवरचा आकडा किंचित वाढतो. नाशिक ते त्र्यंबक चढ शे-दीडशे मीटरचा, म्हणजे फरक पाव पीएसआयच्या आत. आईच्या हायपोथिसिसची दिशाच उलटी निघाली. आकडेमोडीआधी दिशा तपासायची सवय लावा, खूप वेळ वाचतो.

चार टायर म्हणजे फुकटचा कंट्रोल

थंडी चारही टायरना सारखीच लागते. मामांचं बरोबर असेल तर चारही टायर ३० दाखवतील. कालच्याच गेजने मोजलं. तीन टायर ३० च्या आसपास. मागचा डावा २४.

आता गंमत बघा. नुसत्या थंडीने ३० झाले असते, दिवा लागला नसता. डाव्या टायरमधून जास्तीचे सहा गेले होते. नुसते तेवढेच गेले असते तर २७ राहिले असते, तरी दिवा लागला नसता. दोन्ही मिळून मर्यादा ओलांडली गेली. मामा चुकले नव्हते, अर्धे बरोबर होते. आणि अर्धं बरोबर असलेलं स्पष्टीकरण जास्त धोक्याचं, कारण ते पटतं आणि आपण शोध थांबवतो.

परिणाम लहान असेल तर साधन बदला

हवा भरली आणि चहा पिऊन तासाभराने पुन्हा मोजली. आकडा तोच! मामा म्हणाले, "बघ, काही नाही."

पण हिशोब करा. सोळा तासांत सहा, म्हणजे तासाला अर्ध्याहूनही कमी. माझा गेज अर्ध्या पीएसआयच्या टप्प्याने दाखवतो. त्याला हा फरक दिसणारच नव्हता. "फरक दिसला नाही" आणि "फरक नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. थीसिस लिहिताना ही गल्लत हमखास होते.

म्हणून पंक्चरच्या दुकानात साबणाचं पाणी मारून बघितलं. खाचेत रुतलेल्या एका स्क्रूभोवती बारीक बुडबुडे. दुकानातल्या काकांनी तो काढून पंक्चर काढलं, पाच मिनिटांचं काम. (स्क्रू दिसला तर रस्त्यात स्वतः उपटू नका, उरलेली हवाही जाईल.) कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, तापतो आणि फुटू शकतो. पुढे घाट होता, मागच्या सीटवर आई होती.

आणि ते रीसेटचं बटण

काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतो. एबीएस चाकांचा वेग बघतं: हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून जास्त फिरतं. अशा गाडीत रीसेट दाबलं की आत्ताची स्थिती हीच 'बरोबर' म्हणून नोंदली जाते. हवा कमी असताना दाबलंत, तर गाडी चूकच बरोबर म्हणून शिकते. आधी चारही टायर गार असताना मोजा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा, मगच रीसेट. कॅलिब्रेशनचा नियम लॅबमध्येही हाच.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या विषयातला एक 'दिवा' निवडा. त्याची दोन शक्य कारणं लिहा आणि दोन्हींचे अंदाज कुठे वेगळे पडतात ते शोधा. मोजमाप तिथेच करायचं. उत्तरं कॉमेंटमध्ये टाका, वाचते मी.