गंधकाचे दोन, चार, सहा

लक्ष्मीपूजनाला बाहेर काढलेलं चांदीचं तबक काळवंडलेलं दिसतं, कारण हवेतल्या अत्यल्प हायड्रोजन सल्फाइड वायूनं त्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढवलेला असतो. त्याच संध्याकाळी फटाक्याच्या दारूतला काही गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. काही गंधक पोटॅशियम सल्फाइड बनून राखेत उरतो, आणि ती राख ओली झाली की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. तो वासही हायड्रोजन सल्फाइडचाच. शाळेतल्या पुस्तकाप्रमाणे चांदीवरच्या थरात गंधकाची संयुजा, म्हणजे इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता, दोन आहे आणि धुरात चार. मूलद्रव्य एकच असताना आकडे दोन कसे, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकातले रसायनशास्त्रज्ञ बराच काळ अडले होते. तो सोडवताना हा दुर्गंधी वायू पुन्हापुन्हा साक्षीला आला.

स्वीडनच्या कार्ल शेलेनं अठराव्या शतकातच या वायूचा अभ्यास केला होता. त्यात हायड्रोजन आणि गंधक आहेत हे पुढे स्पष्ट झालं, पण गंधकाच्या एका अणूला हायड्रोजनचे किती अणू, हे सांगणं अवघड होतं. डाल्टननं तर पाण्यातही हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा एकेकच अणू धरला होता. या वायूचं सूत्र ठरवायची एक सुटसुटीत युक्ती होती. बंद नळीत तो कथिलाबरोबर तापवला की कथील गंधक खेचून घेतं आणि मागे नुसता हायड्रोजन राहतो. थंड झाल्यावर मोजलं तर आकारमान पहिल्याइतकंच भरतं. समान आकारमानाच्या वायूंत रेणूही समान असतात हे ॲव्होगाड्रोचं गृहीतक मानलं, तर वायूच्या प्रत्येक रेणूमागे हायड्रोजनचा एक रेणू, म्हणजे दोन अणू आले. हा वायू हायड्रोजनपेक्षा सतरा पट जड, म्हणून त्याचा रेणुभार 34. त्यातून हायड्रोजनचे 2 वजा केले की उरतात 32, गंधकाच्या एका अणूचा भार. सूत्र झालं एच-टू-एस.

हिशेब सोपा असला तरी तो मान्य व्हायला वेळ लागला. फ्रान्सच्या द्यूमानं गंधकाची वाफ तोलली, तर अणुभार अपेक्षेच्या जवळपास तिप्पट येऊ लागला. त्या तापमानाला गंधकाचे अनेक अणू एकत्र बांधलेले असतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. 1860 च्या कार्ल्सरूह इथल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत ॲव्होगाड्रोच्या गृहीतकावर आधारलेली कॅनिझारोची मांडणी पुढे आल्यानंतर हा गोंधळ ओसरत गेला.

त्याआधी, 1854 मध्ये, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात सहायक म्हणून काम करणाऱ्या तरुण ऑगस्ट केकुलेनं एक साधा पण मोलाचा प्रयोग केला. ॲसेटिक आम्लावर फॉस्फरसचं क्लोरिनयुक्त संयुग टाकलं, तर उत्पादनं वेगवेगळी होतात : एक क्लोरिन अणू ॲसेटिलबरोबर जातो, दुसरा हायड्रोजनबरोबर. फॉस्फरसचं गंधकयुक्त संयुग टाकलं, तर मात्र थायोॲसेटिक आम्लाचा एकच रेणू मिळतो. एक रुपयाची दोन नाणी दोघांच्या खिशात जाऊ शकतात, पण दोनचं नाणं एकाच खिशात राहतं. केकुलेला हाच फरक दिसला. एक गंधक दोन क्लोरिनच्या बरोबरीचा असतो, पण त्याचे तुकडे होत नाहीत. तेव्हा पाण्याच्या नमुन्यावर इतर संयुगांची रचना बसवली जायची; तसाच एच-टू-एस हाही एक नमुना ठरला. 1852 मध्ये इंग्लंडच्या फ्रँकलंडनंही अणूंच्या जोडले जाण्याच्या मर्यादित क्षमतेची कल्पना मांडली होती. संयुजेची बैठक या दोन वाटांनी तयार झाली.

पण केकुलेनं संयुजा अणूचा कायमचा गुण मानली आणि तिथे अडचण आली. गंधक नेहमी दोनचाच असेल, तर सल्फर ट्रायऑक्साइडचं काय करायचं? 1871 च्या सुमारास मेंडेलीव्हनं उलट बाजूनं पाहिलं. कार्बनपासून क्लोरिनपर्यंतच्या गटांत हायड्रोजनशी असलेली संयुजा आणि ऑक्सिजनशी असलेली सर्वोच्च संयुजा यांची बेरीज आठ येते. गंधकाच्या बाबतीत दोन अधिक सहा. पुढे 1916 मध्ये अमेरिकेच्या लुईसनं इलेक्ट्रॉन मोजून यातल्या दोनचं उत्तर दिलं : गंधकाच्या बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन असतात, आठ व्हायला दोन कमी पडतात, म्हणून हायड्रोजन दोन.

सहाचा आकडाही कागदावरचा नव्हता. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर म्वासाँ आणि लेबो यांनी फ्लोरिनमध्ये गंधक जाळून सल्फर हेक्साफ्लोराइड मिळवला. वीज उपकेंद्रातल्या एसएफ-सिक्स ब्रेकरमध्ये हाच वायू भरलेला असतो. तिथे एका गंधकाला सहा फ्लोरिन धरून असतात. मात्र सहा हायड्रोजनचा तसा रेणू कुणी बाटलीत भरलेला नाही. फ्लोरिन इलेक्ट्रॉन जोरानं आपल्याकडे ओढतो, हायड्रोजनला ती ओढ नाही. म्हणजे गंधकाची संयुजा सांगताना समोर कोण आहे, हेही सांगावं लागतं.

आणि दाब किती आहे, तेही. 2015 मध्ये जर्मनीतल्या माइन्झ इथे मिखाइल एरेमेट्स आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजन सल्फाइड दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये वातावरणाच्या सुमारे पंधरा लाख पट दाबाखाली धरला. उणे 70 अंश सेल्सिअसला त्याचा विद्युतरोध नाहीसा झाला. इतक्या चढ्या तापमानाला रोध गमावण्यात त्यानं तेव्हाच्या सगळ्या अतिवाहकांना मागे टाकलं. त्या दाबाखाली एच-टू-एस मोडून गंधक वेगळा पडतो आणि एच-थ्री-एस तयार होतो, असं अभ्यासकांनी दाखवलं. त्या स्फटिकात प्रत्येक गंधकाभोवती सहा हायड्रोजन समान अंतरावर असतात आणि प्रत्येक हायड्रोजन दोन गंधकांमध्ये वाटलेला असतो. इथे संयुजेचा एकच आकडा लिहायला बसलं तर हिशेब जुळत नाही, कारण इलेक्ट्रॉन एका जोडीपुरते न राहता सगळ्या स्फटिकात फिरत असतात. केकुलेचे दोन आपल्या प्रयोगशाळेतल्या दाबाला खरेच आहेत. ते गंधकाच्या अणूत कायमचे कोरलेले मात्र नाहीत.