पदक आधी कागदावर, मग छातीवर

आमच्या गावात एक म्हातारे सैनिक आहेत. सारे गाव त्यांना फौजीबाबा म्हणते. 1967 साली ते पलटणीत भरती झाले. पंधरा वर्षे नोकरी करून 1982 साली पेन्शनीवर घरी आले. 1971 च्या लढाईत ते पश्चिमेच्या सरहद्दीवर होते. आता चार एकर कोरडवाहूत मुले कपाशी आणि तूर पिकवतात. बाबा धुऱ्यावर बसून राखण करतात.

दर 26 जानेवारीला बाबा शाळेत झेंडावंदनाला येतात. कोटावर एकच पदक असायचे. एका वर्षी आम्ही सहज विचारले, "बाबा, लढाईचे पदक कुठे आहे?"

बाबा म्हणाले, "गुरुजी, तवा फीत भेटली होती. पदक मागून येईन म्हने. थे काही आलं नाही."

"मग तुम्ही विचारले नाही?"

"कोनाले विचारू? अन् आता कायले? मले का त्याचा पैका भेटनार हाये?"

दारात उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "पैका नको जी. पन नातू विचारते, आबा खरंच लढाईत होते का? तवा हे गप बसतात."

हे ऐकून आम्हाला वाईट वाटले. आम्ही म्हटले, "बाबा, पेटीतले तुमचे पुस्तक काढा."

पुस्तकात काय असते?

सैनिक नोकरी सोडून घरी येतो तेव्हा त्याला एक पुस्तक मिळते. त्याला डिस्चार्ज बुक म्हणतात. त्यात सैनिकाचा नंबर, नाव, हुद्दा, भरतीची तारीख आणि सुटल्याची तारीख असते. मिळालेली पदकेही त्यातच लिहिलेली असतात. पुस्तकात इंग्रजी दिसले म्हणून घाबरू नये. नंबर आणि तारखा हे अंक आहेत. तुम्ही आता अंक वाचू शकता. बाकीचे शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यावे.

बाबांच्या पुस्तकात नऊ वर्षांच्या सेवेचे पदक लिहिलेले होते. 1971 च्या लढाईचे लिहिलेले नव्हते.

आता सातबाऱ्याचा विचार करा. शेत तुमच्या बापाचे. तुम्ही ते रोज वाहता. पण फेरफार झाला नाही आणि सातबाऱ्यावर तुमचे नाव चढले नाही, तर कर्ज मिळत नाही, नुकसानभरपाई मिळत नाही. शेत तुमचे असूनही कागद बोलत नाही. पदकाचे तसेच आहे. ज्या कचेरीत सैनिकाचे सारे कागद असतात, तिला रेकॉर्ड ऑफिस म्हणतात. तिथे नोंद असेल तरच पदक मिळते. म्हणून पदक आधी कागदावर लागते, मग छातीवर.

कोणते पदक मागता येते?

पदके दोन तऱ्हेची असतात. एक शौर्याची. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र ही त्यांतली. ती वरिष्ठांच्या शिफारशीवरून मिळतात. ती अर्ज करून मागता येत नाहीत.

दुसरी सेवेची. ठरलेल्या काळात, ठरलेल्या जागी ज्याने नोकरी केली, त्याचा त्या पदकावर हक्क असतो. त्यांतली काही पदके अशी:

1965 च्या लढाईसाठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक आहे. 1971 च्या लढाईसाठी पूर्वेकडे लढलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडे लढलेल्यांना पश्चिमी स्टार, आणि संग्राम पदक आहे. 15 ऑगस्ट 1972 रोजी जो सैन्यात होता, त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक आहे. 15 ऑगस्ट 1997 रोजी जो सैन्यात होता, त्याला पन्नासाव्या वर्षाचे पदक आहे. नऊ वर्षांच्या आणि वीस वर्षांच्या दीर्घ सेवेचीही पदके आहेत.

आम्ही हिशेब मांडला. बाबा 1967 ते 1982 नोकरीत होते. म्हणजे 15 ऑगस्ट 1972 रोजी ते सैन्यात होतेच. तेही पदक पुस्तकात नव्हते. एकाचा शोध घेता घेता दोन पदके राहून गेलेली सापडली.

असे का झाले, ते पुढे कळले. लढाई संपल्यावर थोड्याच दिवसांत बाबांची दुसऱ्या पलटणीत बदली झाली. जुन्या पलटणीने नावांची यादी केली तेव्हा बाबा तिथे नव्हते. नव्या पलटणीला वाटले, हे काम आधीच झाले असेल. दोघांच्या मध्ये बाबांचे नाव राहून गेले. यात कोणाचे वैर नव्हते. पण विचारायला कोणी गेले नाही, म्हणून चूक तशीच राहिली.

अर्ज कुठे करावा?

प्रत्येक पलटणीचे रेकॉर्ड ऑफिस वेगळे असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला आहे. महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागर इथे आहे. गार्ड्सचे नागपूरजवळ कामठीला, तोफखान्याचे नाशिक रोडला आणि बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला आहे.

इतक्या लांब जाण्याची गरज नाही. यवतमाळला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिक, त्यांच्या विधवा आणि मुलांची कामे तिथे होतात. वणीचा माणूस असो की उमरखेडचा, त्याने डिस्चार्ज बुक घेऊन तिथे जावे. तिथून अर्ज रेकॉर्ड ऑफिसला पाठवता येतो.

सैनिक वारला असेल तर त्याची पत्नी, आणि तीही नसेल तर मुले अर्ज करू शकतात. सोबत मृत्यूचा दाखला आणि नाते दाखवणारा कागद जोडावा.

अर्ज साधा लिहावा. आम्ही बाबांचा अर्ज असा लिहिला होता:

"माझा नंबर ……, हुद्दा ……, नाव ……. मी …… या तारखेला भरती झालो आणि …… या तारखेला सुटलो. डिसेंबर 1971 मध्ये मी …… पलटणीत, …… या भागात लढाईवर होतो. 15 ऑगस्ट 1972 रोजीही मी नोकरीत होतो. या दोन्हींची पदके माझ्या नोंदीत दिसत नाहीत. तरी माझे कागद तपासून नोंद दुरुस्त करावी आणि पदके मिळावीत, ही विनंती. सोबत डिस्चार्ज बुकाची नक्कल जोडली आहे."

एवढे पुरे. रागाची भाषा नको आणि पाया पडण्याचीही नको. नंबर, तारीख, जागा आणि मागणी या चार गोष्टी स्पष्ट असाव्यात.

उत्तर आले नाही तर?

आमच्या पहिल्या अर्जाला चार महिने उत्तर आले नाही. बाबा म्हणाले, "गुरुजी, सोडा आता." आम्ही सोडले नाही.

2005 साली आपल्या देशात माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. त्याप्रमाणे सैनिक आपल्याच कागदांची माहिती मागू शकतो. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करायचा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही दहा रुपये लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. न दिल्यास वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. आम्ही विचारले, "माझ्या नावे कोणती पदके नोंदलेली आहेत? डिसेंबर 1971 मध्ये मी कोणत्या पलटणीत होतो?" उत्तर आले. त्यात बाबांची जुनी पलटण लिहिलेली होती. तोच कागद जोडून दुसरा अर्ज केला.

त्यातूनही न्याय मिळाला नाही, तर सैनिकांसाठी वेगळे न्यायाधिकरण आहे. 2007 च्या कायद्याने ते स्थापन झाले. त्याचे एक खंडपीठ मुंबईला आहे. पण बहुतेक कामे कागद नीट असले तर तिथवर जात नाहीत.

चार गोष्टी ध्यानात ठेवा

पहिली: अस्सल डिस्चार्ज बुक कोणाच्याही हाती सोडू नये. नक्कल द्यावी. अस्सल फक्त दाखवावे.

दुसरी: अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. हाती दिला तर प्रतीवर शिक्का घ्यावा. टपालाने पाठवला तर स्पीड पोस्टची पावती जपावी.

तिसरी: "पदक मिळवून देतो, पाच हजार द्या" म्हणणाऱ्या दलालापासून दूर राहावे. बाजारात नकली पदके विकत मिळतात. पण विकतच्या पदकाने कागदावर नोंद होत नाही.

चौथी: वेळ घालवू नये. सैनिकाचे सगळे कागद कायमचे ठेवत नाहीत. ज्याला पेन्शन नाही, त्याच्या नोकरीचे कागद सुटल्यापासून पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. मग मोठ्या यादीतली त्रोटक नोंद तेवढी उरते. अशा वेळी घरातले जुने पुस्तक, जुने पत्र हाच पुरावा. म्हणून पेटीतला जुना कागद रद्दीत देऊ नये.

नोंद तपासताना नावही तपासावे. पुस्तकात एक नाव आणि आधार कार्डावर दुसरे असेल, किंवा पत्नीचे नाव चुकले असेल, तर तेही दुरुस्त करून घ्यावे. सैनिकाच्या मागे पत्नीला पेन्शन मिळताना हीच चूक आडवी येते.

उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही

कोणी म्हणेल, इतक्या वर्षांनी कोण ऐकणार? सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण घ्या. ते सैन्यात होते. 1965 च्या लढाईत गोळ्या लागून ते जायबंदी झाले. पुढे 1972 साली जर्मनीत अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पोहण्यात त्यांनी सोन्याचे पदक जिंकले. तरी अर्जुन पुरस्कार त्यांना वर्षानुवर्षे मिळाला नाही. 2018 साली पद्मश्री मिळाली आणि जानेवारी 2025 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, अर्जुन पुरस्कार मिळाला. तो खेळाचा मान, सेवेचे पदक नव्हे. पण मान उशिरा का होईना मिळतो, हे त्यातून दिसते.

विलायतेतही तसेच घडले. दुसऱ्या महायुद्धात बर्फाळ समुद्रातून रशियाला माल पोचवणाऱ्या खलाशांसाठी वेगळे पदक 2013 साली निघाले. लढाई संपून जवळजवळ सत्तर वर्षे झाली होती. कित्येक खलाशी तोवर गेले होते. जे उरले होते, त्यांनी ते छातीवर लावले.

आमच्या फौजीबाबांच्या दुसऱ्या अर्जाचे उत्तर काही महिन्यांनी आले. दोन्ही पदकांची नोंद झाली असे त्यात लिहिले होते. पदके यायला आणखी वेळ लागला. पण ती आली.

पदकाच्या कडेवर सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेले असते. आजी आमच्या रात्रीच्या वर्गात अंक शिकल्या आहेत. त्यांनी पदक उजेडात धरले आणि कडेवरचा नंबर एकेक आकडा करून मोठ्याने वाचला. मग पुस्तकातला नंबर वाचला. दोन्ही एकच होते. नातू शेजारी बसून ऐकत होता. त्याने पुन्हा काही विचारले नाही.

तुमच्या घरात, शेजारी किंवा भाऊबंदांत कोणी फौजेतून आलेला असेल, तर आज संध्याकाळी त्याच्याकडे जा. पेटीतले पुस्तक काढायला सांगा. तारखा तुम्ही वाचा.