दुलईच्या काळ्या पाठीवर कापूस कां उमटतो?

चार वर्षांपूर्वीं आमच्या मातोश्री निवर्तल्या, तेव्हां त्यांच्या पेटींत एक काळी चंद्रकळा निघाली. ती नेसण्याजोगी राहिली नव्हती व टाकवतही नव्हती. म्हणून तिची दुलई करावी असें आमच्या भगिनीनें सुचविलें. वरचें अंग छापील चिटाचें, पाठ चंद्रकळेची, आणि आंत जुन्या गादीचा पिंजून घेतलेला कापूस, असा बेत ठरला. दुलई सुबक झाली. परंतु पहिला हिंवाळा संपतो न संपतो तोंच काळ्या पाठीवर पांढरी बारीक लव उगवली. आम्ही ती चिमटीनें उपटूं लागलों, तों जितकी उपटावी तितकी ती अधिकच दाट येऊं लागली! याचा शोध करितां जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों. कारण वसतिगृहांतील अनेक पांघरुणांची हीच कथा आहे.

कापसाचा तंतु म्हणजे सरकीच्या टरफलावर लांब वाढलेली एकच पेशी होय. त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास असते. आपल्या डोक्याचा केस त्याच्या तिपटीहून जाड. उलटपक्षीं, कापड कितीही दाट दिसलें तरी तें उभ्या-आडव्या धाग्यांची जाळीच असतें, आणि विरळ विणींत त्या जाळीच्या खिडक्या या तंतूहून कित्येक पट रुंद असतात. दुलई पांघरली म्हणजे ती दुमडते, दबते, पुन्हां फुगते. प्रत्येक हालचालींत सुटा तंतु थोडा पुढें सरकतो. त्याचें टोंक एकदां बाहेर आलें कीं पुढचें काम अंगाच्या व कपड्यांच्या घर्षणानें होतें. म्हणूनच ही लव गळ्यापाशीं व गुडघ्यांपाशीं अधिक दिसते. पांढऱ्या पाठीवरही हें घडतच असतें; तेथें तें डोळ्यांस दिसत नाहीं, एवढेंच.

बाहेर पडणारे तंतु बहुधा आखूड असतात. लांब तंतु परस्परांत गुंतून राहतात. आखुडांस कोणी धरून ठेवीत नाहीं. मुंबईंत माटुंगा येथें १९२४ सालीं कापसाची जी प्रयोगशाळा निघाली, तेथें तंतूची लांबी इतक्या बारकाईनें मोजतात ती मुख्यतः सुतासाठीं. परंतु भरणीसही तिचें महत्त्व आहेच. कापूस वारंवार पिंजला म्हणजे तंतु तुटतात. आमच्या पिंजाऱ्यानें तसें बजावलेंही होतें. ‘‘मास्तर, हा कापूस आतां थकला आहे,’’ असें तो म्हणाला, आणि आम्हांस तो नवा कापूस विकूं पाहतो असें वाटलें.

हल्लीं कापसाऐवजीं पॉलिएस्टर भरण्याची चाल पडली आहे. व्हिनफील्ड व डिक्सन या रसायनज्ञांनीं १९४१ सालीं इंग्लंडांत सिद्ध केलेला हा तंतु गुळगुळीत व चिवट आहे. कोरड्या थंडींत घर्षणानें त्यावर विद्युत् सांचते व तो कापडास चिकटूं पाहतो. बाहेर आल्यावर तो कापसासारखा तुटून गळतही नाहीं, तर त्याच्या गोळ्या होऊन बसतात.

गोधडीस मात्र हा रोग नाहीं. तींत जुन्या लुगड्यांचे थर असतात. सुटा कापूस नसतोच, मग बाहेर काय येणार?

तेव्हां काळी पाठ लावावयाची असल्यास प्रथम कापड धुवावें. नव्या कापडांतील खळ खिडक्या बुजवून आपणांस फसविते. ती निघून गेली व कापड आटलें म्हणजे खरी वीण कळते. मग तें उजेडापुढें धरावें. प्रकाशाचे ठिपके स्पष्ट दिसल्यास त्या कापडावर भिस्त ठेवूं नये. दाट विणीचें दुसरें मिळत नसेल, किंवा आमच्याप्रमाणें तेंच वापरावयाचें असेल, तर भरणी व पाठ यांच्यामध्यें गडद रंगाच्या मलमलीचा एक थर घालावा. दोन जाळ्यांच्या खिडक्या क्वचितच समोरासमोर येतात, त्यामुळें बहुतेक तंतु मधल्या मध्येंच अडकतात. भरणीच गडद रंगाची मिळाल्यास उत्तम. जो आला तो निदान खुपणार तरी नाहीं.

सुईचाही दोष असतो. बोथट सुई कापसाचा पुंजका पुढें ढकलीत नेते, आणि जाड सुईनें पडलेलें भोंक दोऱ्यानें भरत नाहीं. सुई बारीक व तीक्ष्ण घ्यावी, दोऱ्यास मेण लावावें. खरखरीत दोरा आपल्याबरोबर तंतु ओढून आणतो. आणि लव आली तरी ती उपटूं नये! एक तंतु ओढला कीं त्यांत गुंतलेला शेजारी दाराशीं येतो. चिमटीनें आम्ही हेंच करीत होतों. टोंकें कात्रीनें कापडासरशीं छाटावीं, किंवा उलट बाजूनें सुईच्या अग्रानें आंत ओढून घ्यावीं.

आमची दुलई भगिनीनें उसविली. चंद्रकळा धुऊन तिच्याखालीं काळी मलमल घातली, कापूस नवा घेतला, आणि टांके पुन्हां घातले. त्यास आतां दोन हिंवाळे झाले. गळ्यापाशीं, जेथें लुगडें मुळांतच विरलेलें होतें, तेथें अजून थोडी लव येते. ती आम्ही कात्रीनें छाटितों.